साखराबाईची संमती

सासूबाई पाकिटं पालथी का ठेवतात, हे राजश्रीला कित्येक महिने उमगलं नव्हतं. संध्याकाळी ती फळीवर पाकिटं नीट मांडायची, नाव समोर येईल अशी. सकाळी ऋतुजाला दूध देऊन वळावं, तर सगळी पालथी. आधी तिला वाटलं, हा पोरीचाच उद्योग. पण तीन वर्षांच्या पोरीचा हात त्या फळीला पुरत नव्हता. मग एकदा दाराआडून तिनं पाहिलं. सासूबाई एकेक पाकीट उचलत होत्या आणि झोपलेल्या लेकराला कुशीवर वळवावं तसं अलगद पालथं करत होत्या.

विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि दुखावल्या तर? भाजायचं कोण?

पाकिटात येसर होतं. हरभरा, गहू, बाजरी, धने भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं की आमटी तयार. क्लाससाठी लातुरात खोल्या करून राहिलेली आणि मेसच्या पातळ वरणाला विटलेली पोरं ते हातोहात न्यायची. भाजणं सासूबाईंचं, दळून आणणं, भरणं, दुकानांत पोचवणं राजश्रीचं. पाकिटावर लाल अक्षरांत ‘साखराबाई येसर’. हात सासूबाईंचा, तर नावही त्यांचंच, असं तिनं परस्पर ठरवलं होतं. छापून आल्यावर नवऱ्याला, शिवशंकरला दाखवलं. तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. पाकीट उलटसुलट करून तो एवढंच म्हणाला, “आईला विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं? खूश होतील.”

सासूबाईंनी पाकीट पाहिलं, “चांगलं हाय,” म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या.

पुढे नांदेडहून बहिणीचा, मालविकाचा फोन आला. “ताई, इथं क्लासच्या गल्लीत साखराबाई येसर मिळून राहिलंय. पण पाकीट पिवळं. तुमचंच का?”

त्यांचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ऋतुजाला कडेवर घेऊन राजश्रीनं एस.टी.नं नांदेड गाठलं. मालविकाच्या ओळखीनं अ‍ॅडव्होकेट विशाखाताई भेटल्या. नाव आपलंच राहावं म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज गेला. सात महिन्यांनी त्या कार्यालयाचं पत्र आलं. विशाखाताईंनी फोनवर समजावलं, “माणसाच्या नावाचा मार्क आहे ना, म्हणून संमती मागितलीय. माणूस हयात असेल तर त्याची. वारून वीस वर्षं झाली नसतील तर वारसाची. तीस दिवसांत पाठवा, नाहीतर अर्ज बाद.”

“एवढंच ना? सासूबाई तर घरातच आहेत!”

मसुदा टाइप करून तिनं सासूबाईंसमोर धरला, पेन पुढे केला, आणि नियमही समजावून सांगितला. साखराबाईंनी नीट ऐकून घेतलं. हात पदराला पुसले.

“मग माझी सही कशाला? शिवाची घे की. वारसाची चालती म्हनलीस न्हवं?”

राजश्रीला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहून ते तसंच विरलं.

“आई, अहो, तुम्ही तर…”

“शिवाची घे,” म्हणून त्या पोरीचं नाक पुसायला गेल्या.

ही कसली थट्टा? थट्टा म्हणावी तर रेशनच्या दुकानात, बँकेत याच बाई साखराबाई म्हणून बिनदिक्कत सही करत होत्या. तिनं शिवशंकरला गाठलं. त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला. “तिलाच विचार. मी सांगण्यासारखं नाही ते.”

दुपारी कढईत धने पडले होते. राजश्री शेजारी जाऊन बसली. ऋतुजा मांडीवर पेंगत होती.

“आई, पाकिटं तुम्हीच पालथी घालता ना?”

उलथनं थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं.

“भूकंपात घर बसलं, हे तुला ठावं हाय. मला सोलापूरला नेलं. डोस्क्याला मार होता, धा-बारा दिस माझं नाव मला सांगता येईना. हिकडं मेल्यांची यादी लागली. ह्यांचं नाव, खाली माझं. ह्यांचं खरं होतं.” त्यांनी आच कमी केली. “शिवानं आन् किशनरावानं, माझ्या भावानं, दोघांचंबी दहावं केलं, बारावं केलं. गाव जेवलं. आन् चौदाव्या दिशी मी उमरीला भावाच्या दारात हुबी.”

“मग?”

“मग काय, बाया रडून राहिल्या, पन उंबरा वलांडू देईनात. दिवस घातलेल्या बाईला घरात कसं घ्यावं? महाराज म्हनले, नवा जन्म धरा. पाळना आनला, चाळीस वर्साची बाई पाळन्याजवळ बसवली, आत्यानं कानात नाव सांगितलं. कुर्र्र केलं बायांनी!” त्या एकदम हसल्या. “मलाबी हसू आलं बघ. त्या पंधरा दिसांत पहिल्यांदाच.”

“काय नाव ठेवलं?”

“तारामती.”

धने तडतडले. राजश्रीनं चटकन पोरीला मागे ओढलं.

“पण मग रेशनवर साखराबाई…”

“सरकारचं काय, ते मेल्यालाबी रेशन देतं. पन हे खायाचं हाय, राजश्री. बारावं झालेल्या बाईच्या नावानं लेकरांना जेवू घालायचं, तेबी परीक्षेला निघालेल्या? माझा हात धजत न्हाई. तू हौसेनं छापलंस, म्हनून बोलले न्हाई.”

राजश्रीनं फळीकडे पाहिलं. किती पोरांना त्या नावानं आपण खाऊ घातलं! बी.एस्सी. झालेल्या मनाला ते पटत नव्हतं, आणि मांडीवरच्या पोरीच्या आईला नेमकं तेच पटत होतं. तिनं उठून नांदेडला फोन लावला.

“विशाखाताई, तो अर्ज राहू द्या. नवा करायचाय. तारामती येसर.”

“वेड लागलंय का तुम्हाला? सात महिने पाण्यात जातील, अर्जाला नवी तारीख पडेल. आणि त्या पिवळ्या पाकीटवाल्याला रान मोकळं!”

फोनचा आवाज मोठा होता. कढईपाशी ऐकू गेलं. “घेऊ दे त्याला ते नाव,” साखराबाई तिकडूनच म्हणाल्या. “सुखानं घेऊ दे.”

“बरं, ही तारामती कोण? हयात आहे?” विशाखाताईंनी विचारलं. “परत संमतीवरून अडायला नको.”

राजश्री उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी येऊन फोन हातातून घेतला. “हाय, हाय. तुमच्याशीच बोलून राहिले की!”

सासूबाई फोन परत देऊन कढईकडे वळल्या. मग विशाखाताईंनी राजश्रीला खालच्या आवाजात बरंच काही सांगितलं. अडचण खरीच होती. ओळख पटवायला कागद सगळे जुन्याच नावाचे. संमतीपत्रात ‘साखराबाई ऊर्फ तारामती’ असंच लिहावं लागणार होतं. दोन्ही नावं शेजारी शेजारी. एवढ्यावर सासूबाई पुन्हा अडून बसल्या तर?

तिनं चाचरत सांगितलं. साखराबाईंनी कढई खाली उतरवली.

“कागदावर ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “कागद कोन खातंय?”