घट्ट झालेली तोरडी

मी एक चांदीची तोरडी बोलतेय. सध्या डबीत, कापसावर पडून असते. बोलता बोलता डोळा लागला तर रागवू नका.

मी मूळची रायपूरच्या गोल बाजारातली. दीपमालाने मला नि माझ्या जोडीदारणीला लेकीसाठी मोठ्या हौसेने घेतलं. रुचिता तेव्हा अडीच वर्षांची. घोट्याच्या आतल्या अंगाला एक नाडी उडते; पोर झोपली की त्या ठेक्यावर मीही पेंगायची. काळीज तिकडे छातीत, पण त्याची खबर मला रोज पायाशी मिळायची.

मग ताप आला. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. तपासणीत विषाणू सापडला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. "वायरल आहे, उतरते चार दिवसांत," तिचा बाप धर्मपाल म्हणाला. तो भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला.

मी मात्र घोट्यात रुतत चालले होते. दीपमालाने मला फिरवून पाहिलं. "पोट्टी मोठी होऊन राहिली, तोरड्या घट्ट झाल्या," म्हणाली. चार दिवसांत कोणी एवढं वाढतं का, बाई! पण माझा आवाज म्हणजे घुंगरांचा, आणि रुचिता पाय हलवतच नव्हती. नाडी नुसती धावत होती.

सहाव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर चित्रांनी आधी मलाच हात लावला.

"ही कधीपासून घट्ट आहे?"

"तापातच झाली, दीदी. पण रिपोर्टात वायरस निघाला न?" धर्मपालने विचारलं.

"निघाला, भैया. म्हणून दुसरं काही नसेलच, असं नाही. विषाणूशी लढता लढता कधी शरीर इतकं भडकतं, की स्वतःच्याच रक्तवाहिन्या सुजवतं. याला कावासाकी म्हणतात. हृदयाच्या वाहिन्या फुगल्या तर धोका असतो. औषध आजच सुरू करू."

"मीच म्हटलं, वाढून राहिली म्हणून," दीपमालाला रडू फुटलं.

मला नि जोडीदारणीला पकडीने कापलं. खरं सांगते, वाईट नाही वाटलं. पाय मोकळा झाला ना! सोनोग्राफीत हृदयाची एक वाहिनी थोडी फुगलेली दिसली. औषध थेंब थेंब शिरेतून उतरत राहिलं, नि मी दीपमालाच्या मुठीत घामेजून बसले. ताप गेला. आजार ओसरताना बोटांची साल निघाली. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाल्या, वाहिनी पूर्ववत झाली.

सोनार मला वितळवा म्हणत होता, दीपमालाने सांधूनच घेतलं. परवा लेकीच्या पायात घालायला गेली, तर मी पुन्हा घट्ट! तिचा चेहरा पांढराफटक. कपाळाला हात लावला, डोळे पाहिले, पाय चाचपला.

"दुखते का इथं?"

"गुदगुल्या होते, मम्मी!"

धर्मपालने पोरीला दाराशी उभं केलं. चौकटीवर मागच्या दिवाळीला मारलेल्या उंचीच्या रेघेपेक्षा ती दोन बोटं वर होती. दीपमाला तिथंच बसून हसत हसत रडली.

तापातल्या लेकराचा दागिना रुतायला लागला, तर कौतुक मागून करा, आधी डॉक्टरांना दाखवा. माझं एवढंच मागणं. मी आता तिच्या पायात मावत नाही. बाहेर ती बिनघुंगरांची धावतेय, आणि मला कापसात सुखाची झोप येतेय.