घुंगरांवरची चिंधी

मित्रांनो, मी एक जुना उसाचा चरक आहे. पण उन्हातून आलात म्हणून माझ्याकडे रस मागू नका. माझ्या रुळांमधून उसाचे शेवटचे कांडे गेले त्याला फार वर्षे लोटली. त्यानंतर माझ्यातून फक्त कागद गेले, आणि त्या कागदांवर जे उमटले ते गोड नव्हते.

पवनारला नागपूरच्या रस्त्यालगत अण्णाजींची रसवंती होती. माझ्या चाकाला त्यांनी स्वतःच्या हाताने घुंगरे बांधली. ती वाजली की बसमधले लोक खिडकीतून माना बाहेर काढत. ते दिवस चांगले होते. वाईट आठवण एकच, चोथ्याची. गोड आहे म्हणून पिळायचे आणि पिळून झाले की त्याच्याकडे पाहायचेही नाही. शेडमागे तो आंबत पडे. तो आंबूस वास पुढे मला अण्णाजींच्या घरातही अनेकदा आला, तिथे ऊस नसताना.

अण्णाजी गेले, बाटल्यांची थंड पेये आली आणि मी घरामागे पोते पांघरून गंजू लागलो. तिथून मला बाहेर काढले ते त्यांच्या थोरल्या सुनेने. कोकिळाबाई वर्ध्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. नवरा लवकर वारला होता. पदरात आकांक्षा नावाची लहान मुलगी होती. मधल्या भिंतीपलीकडे धाकटे दीर सदाशिवराव आणि जाऊ शोभाबाई राहत.

कोकिळाबाई मला कवडू मिस्त्रींकडे घेऊन गेल्या. माझ्या रुळांना ऊस पकडायच्या खाचा होत्या, त्या घासून त्यांना गुळगुळीत रूळ हवे होते.

"बाई, खाचा घालवल्या तं ऊस घसरन ना," कवडू म्हणाले.

"घसरू द्या. मले कागद घालायचा आहे."

"कागदाचा रस काढता काय?"

"निघाला तर पहिला गिलास तुमचा."

कवडूंनी रूळ घासले, मध्ये सरकणारा लोखंडी पाट बसवला आणि घुंगरे तोडायला पक्कड उचलली. "राहू द्या ती," कोकिळाबाई म्हणाल्या. "मामाजींनी बांधलेली आहेत."

माझे नवे काम असे होते. कोकिळाबाई सागाच्या फळीवर चित्र कोरत. कोरलेले पांढरे राही, उरलेल्या भागाला शाई लागे. फळीवर कागद, कागदावर घोंगडीचा तुकडा, आणि मग सगळे माझ्या रुळांखाली. एकीने चाक फिरवायचे आणि दुसरीने कागद व घोंगडी ताणून धरायची. एकट्या माणसाचे हे काम नाही. लहानपणापासून कागद धरला तो आकांक्षाने. पुढे ती नोकरीसाठी नागपूरला गेली.

चित्रे कसली असत? कोकिळाबाई सकाळी वर्तमानपत्र वाचत आणि संध्याकाळी कोरायला बसत. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' ही जाहिरात त्यांनी छापली, आणि तिच्याखाली बाजारातल्या तराजूत पाय दुमडून बसलेली मुलगी. टाळेबंदीच्या वर्षी त्यांनी एक घर कोरले. घराहून उंच खरकट्या भांड्यांची चळत आणि दारात पेपर वाचणारा घरधनी. कुठे तरी महिला मेळावा झाला, त्याच्या बॅनरवर सगळे पुरुषच होते. त्यांनी तो बॅनर जसाच्या तसा छापला, फक्त प्रत्येक मिशाळ चेहऱ्याला कुंकू, नथ आणि मंगळसूत्र. नागपूरच्या प्रदर्शनात लोक त्या चित्रापुढे हसले, मग हसता हसता थांबले. माझेही नाव निघाले तिथे. उसाच्या चरकावर छापतात म्हणून एका बाईंनी खास येऊन मला हात लावला. मी लोखंडाचा, तरी मला ते बरे वाटले.

घरी मात्र घुंगरे वाजली की भिंतीपलीकडून आवाज येई, "वहिनी, आज कोनाले छापून राह्यल्या?" आणि पाठोपाठ हसणे. आलेल्या पाहुण्यांना सदाशिवराव सांगत, "विधवा बाई आहे. मन रमवायले काही तरी लागते." हे ते मायेने सांगत. मला त्या मायेचीच अधिक शिसारी येई.

मग गावच्या सरपंचपदाची जागा बाईसाठी राखीव झाली. सदाशिवरावांनी शोभाबाईंना उभे केले. पत्रकावर शोभाबाईंचे नाव आणि सदाशिवरावांचा फोटो. निवडून आल्या शोभाबाई, हार पडले सदाशिवरावांच्या गळ्यात. ग्रामपंचायतीत शोभाबाईंच्या खुर्चीवर तेच बसत. घरी आणलेल्या कागदांवर शोभाबाई पोळ्या लाटता लाटता सही करत. सव्वीस जानेवारीला झेंडाही सदाशिवरावांनीच फडकावला. सरपंचबाई बुंदीचे ताट धरून रांगेत उभ्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायांनीसुद्धा.

कोकिळाबाई घरी आल्या, तोंडातली बुंदी मोरीत थुंकल्या, पुन्हा पुन्हा चूळ भरली आणि नवी फळी काढली.

त्या फळीवर एक माणूस ऐसपैस बसलेला आहे. सुटलेले पोट, मनगटावर मोठे घड्याळ. त्याच्याखालची खुर्ची म्हणजे ओणवी बसलेली बाई आहे. तिची पाठ ही बैठक, तिचे हात-पाय हे खुर्चीचे पाय. मान खाली आणि तोंडावर केस. ही बाई कोकिळाबाईंनी मनाने काढली नाही. दुपारी, सदाशिवराव ग्रामपंचायतीत असताना, शोभाबाई मागच्या दाराने येत आणि माझ्यासमोर चटईवर ओणव्या होत.

"ते तिकडं माह्या खुर्चीवर बसले, म्हून मले इकडं येता आलं," शोभाबाई म्हणाल्या.

"हलू नको, शोभा."

"गुडघे फुटून राह्यले, जाऊबाई. कोरा ना लवकर."

"खुर्ची बोलत नसते."

"मंग हे खुर्ची घरी जाऊन भाकरी थापन, पाहा तुम्ही!" दोघी इतक्या हसल्या की कोकिळाबाईंच्या हातातली पटाशी घसरली. फळीवर त्या ओरखड्याची रेघ अजून आहे.

पहिला ठसा काढायच्या दिवशी शोभाबाईंचा चेहरा उतरला. सदाशिवराव घरी होते, घुंगरे वाजली असती तर ते भिंतीवरून डोकावले असते. शोभाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझ्या घुंगरांवर गच्च आवळली. कोकिळाबाईंनी कागद धरला, शोभाबाईंनी चाक फिरवले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा मुका फिरलो. मित्रांनो, गंजण्याहून ते वाईट होते.

एकच ठसा निघाला. त्याच आठवड्यात कोकिळाबाईंना ताप भरला, आणि वर्ध्याच्या दवाखान्यातून त्या परत आल्या त्या पांढऱ्या कापडात.

त्यांना अंगणात ठेवले होते. नखांत शाई होती, ती तर कायमचीच. सदाशिवराव म्हणाले, "रॉकेल आना अन् नखं साफ करा. लोकं पाहतीन तं काय म्हनतीन?" बोळा शोभाबाईंच्याच हातात दिला. आकांक्षा मध्ये पडली, तेव्हा कोणीतरी तिला दंड धरून बाजूला नेले. शोभाबाईंनी एकेक नख घासले. एका अंगठ्याची शाई मात्र त्यांनी राहू दिली आणि ती मूठ मिटवून वर कापड ओढले. नंतर धाम नदीच्या काठी सदाशिवरावांच्या मुलाने, रुपेशने, अग्नी दिला. आकांक्षाला तिथे नेले नाही. ती माझ्या चाकाला टेकून बसली होती. अंगणात रॉकेलचा वास होता. मला मात्र चोथ्याचाच आला.

आठ मार्चला ग्रामपंचायतीच्या सभागृहात कोकिळाबाईंच्या चित्रांचे प्रदर्शन ठेवायचे सदाशिवरावांनी जाहीर केले. बॅनर आला : 'आदर्श गृहिणी, आदर्श माता'. चित्रकार हा शब्द त्यावर नव्हता. कोपऱ्यात कोकिळाबाई, मधोमध सदाशिवराव. आदल्या दिवशी ते आकांक्षाकडे चित्रे निवडायला आले. शोभाबाई चहा घेऊन मागे उभ्या होत्या. सदाशिवरावांनी चिमण्या ठेवल्या, बैलजोडी ठेवली, तराजूतली मुलगी दूर सारली. "समाजात चांगलं दिसलं पाहिजे, पोरी."

मग त्यांच्या हाती खुर्चीचा तो एकुलता एक ठसा आला. ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी आपले घड्याळ ओळखले.

"हे घडी माही आहे. हा मी आहो काय?"

"तुम्हाला काय वाटतं, काकाजी?" आकांक्षा म्हणाली.

"अन् हे बाई कोन?"

चित्रातल्या बाईच्या पायात जोडवी होती. त्यातले एक तुटलेले, दोऱ्याने बांधलेले. कोकिळाबाईंनी तो दोरासुद्धा कोरला होता. तेच जोडवे, तोच दोरा दोन हात अंतरावर, चहाचा ट्रे धरलेल्या शोभाबाईंच्या पायात होता. शोभाबाईंनी पाय लुगड्याखाली घेतला. इतकी वर्षे ज्या पायांनी ह्या माणसाचे घर चालवले, ते त्याला ओळखू आले नाहीत. मित्रांनो, मी माशा पाहिल्या, आंबलेला चोथा पाहिला. हे त्याहून घाण होते.

सदाशिवरावांनी ठसा फाडला. "फळी चुलीत घालजो. अन् चरक माह्या बापाचा आहे. उद्या सकाळी रुपेश टेम्पो आनते. खाचा पाडून घेऊ, बायपासवर रसवंती टाकून राह्यला तो." चहा घेऊन ते गेले. कप शोभाबाईंनी उचलले.

आकांक्षाला हवे होते ते एवढेच : आईची शेवटची फळी एकदा नीट छापावी आणि आईच्याच प्रदर्शनात लावावी. मी गेलो की ते कधीच होणार नव्हते. तिने लगेच शाई लावली, कागद ठेवला, एका हाताने घोंगडी धरून दुसऱ्याने चाक ओढले. कागद सरकला. बाई आणि माणूस एकमेकांत फासले गेले. दुसरा कागदही तसाच गेला. ती माझ्या पाटावर डोके ठेवून रडली. आई गेल्यावर ती पहिल्यांदा रडत होती.

मागचे दार वाजले. शोभाबाई डब्यात वरणभात घेऊन आल्या होत्या. जमिनीवरचे काळे कागद त्यांनी पाहिले.

"काकू, काकाजींना सांगू नका," आकांक्षा डोळे पुसत म्हणाली.

"काय सांगू? मीच आहो ते." शोभाबाईंनी पाय पुढे केला. "पाय पाह्य."

आकांक्षाने जोडव्याचा दोरा पाहिला. मग फळीवरचा पाहिला.

"कागद धर," शोभाबाई म्हणाल्या. त्यांनी चाकाला हात घातला, आणि थांबल्या. भिंतीपलीकडच्या अंगणात खुर्च्या सरकत होत्या. महिला दिनाच्या तयारीची बैठक बसली होती, सगळे पुरुष. शोभाबाईंनी चिंधीची गाठ सोडायला घेतली. गाठ त्यांनीच मारलेली, सुटेना. शेवटी दातांनी सोडली.

"काकू, ऐकू जाईल."

"जाऊ दे."

मी फिरलो. माझी घुंगरे अशी वाजली जशी रसवंतीतही वाजली नसतील. भिंतीपलीकडचे बोलणे थांबले. मग सदाशिवरावांचा आवाज आला, "शोभा! अवो शोभा! चहा कुठं आहे?"

शोभाबाईंनी चाक सोडले नाही. "माहे हात काळे आहेत," त्या भिंतीकडे तोंड करून ओरडल्या. "तुमचा तुम्ही घ्या!"

पलीकडे कोणीतरी हसले. यावेळी ते सदाशिवराव नव्हते.

सकाळी रुपेश टेम्पो घेऊन आला तेव्हा शोभाबाई माझ्या पाटावर मांडी घालून लसूण सोलत होत्या. "माय, उठ ना," तो म्हणाला. "उठत नाई. बसू दे थोडं," त्या म्हणाल्या. टेम्पो रिकामा गेला. सभागृहात आदल्या दिवशी नीट छापलेले खुर्चीचे चित्र बॅनरच्या शेजारी लागले. शोभाबाईंनी ते स्वतः लावले. सदाशिवरावांना त्या दिवशी अचानक नागपूरला काम निघाले. खुर्ची त्यांनी सोडली असे समजू नका. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच बसले होते.

माझ्या रुळांना आता आकांक्षा महिन्यातून एकदा तेल घालते आणि शोभाबाई चाक फिरवतात. तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल, एखादी फळी असेल, कोणाच्या नखांत न निघणारी शाई असेल. यंत्राला तेल घाला, फळीला वाळवी लागू देऊ नका, आणि ती नखे कोणी रॉकेलने पुसायला आला तर त्याचा हात धरा. आणि मित्रांनो, कुठे घुंगरांवर चिंधी बांधलेली दिसली, तर ती कोणी बांधली हे विचारत बसू नका. आधी सोडा.