राग परवडण्याइतके पैसे

पितृपक्ष लागायला चार दिवस होते. धर्मशाळेचे कारभारी वेणीमाधवराव यांनी इंदूला कचेरीत बोलावलं आणि तिची मजुरी दिवसाला शंभर रुपयांनी कमी केल्याचं सांगितलं. सांगताना ते पानाला चुना लावत होते. मान वर करायचीही त्यांना गरज वाटली नाही.

"इंदूताई, आता तुम्हाला सरकारची पेंशन सुरू आहे. म्हणजे मंडळाचा भार तेवढा हलका झाला. साडेतीनशे देत होतो, ते आता अडीचशे देऊ. तुमचं नुकसान काहीच नाही. इकडून कमी, तिकडून जास्त."

इंदूला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग डोक्यात काहीतरी भडकन पेटलं.

काशीतल्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मराठी मंडळाची ही धर्मशाळा. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, घाटावर श्राद्ध उरकतात आणि दुपारी पानावर बसतात. त्या पानावरचं सगळं इंदूच्या हातचं असे. तिचा नवरा प्रल्हाद भटजींच्या हाताखाली असायचा. दर्भ, तीळ, पिंडाचं साहित्य घेऊन तो पहाटेपासून पायऱ्यांवर उभा राही. अकरा वर्षांपूर्वी तो काविळीने गेला. मुलगी गीता तेव्हा सहा वर्षांची होती. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर तिसऱ्या दिवशी इंदू या स्वयंपाकघरात शिरली आणि तेव्हापासून पन्नास-साठ माणसांचे वडे, खीर, आमटी तिच्या अंगावर होती.

पेंशन सुरू झाली त्याला दीड वर्ष झालं होतं. विधवेची पेंशन, महिन्याला हजार, पण खात्यात पडायची ती तीन महिन्यांची एकदम. त्या पैशाने इंदूच्या दूधविनायक गल्लीतल्या दोन खोल्यांत काही राजवैभव आलं नव्हतं. पण तेल पावशेराने आणायचं बंद झालं, ते आता डब्याने येऊ लागलं. गीताची फी वेळेवर जाऊ लागली, त्यामुळे वर्गात उभं करून तिचं नाव घेतलं जाणं थांबलं. तिला चष्मा लागला होता तो करून घेतला. इतके दिवस ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, हे आईला तेव्हा समजलं. पैसा थोडाच होता. पण तो येणार हे ठाऊक होतं, आणि त्या एका गोष्टीमुळे इंदूला दुपारी डोळा लागू लागला होता.

आणि हा माणूस त्यावर हात ठेवायला निघाला होता.

"वेणीमाधवराव," इंदू म्हणाली, "ते पैसे माझा नवरा मेला म्हणून मिळतात. त्यात मंडळाचा वाटा कुठून आला?"

"वाटा कोण मागतंय? मंडळाकडे काय झाड आहे का पैशांचं? देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो. गरज बघूनच द्यायला पाहिजे ना."

"गरज बघून? मी काय भीक घेते? पहाटे चारला उठून साठ माणसांची डाळ वाटते. आता अडीचशेत काय करू, चाळीस माणसांचीच वाटू? वीस जणांना सांगा तुम्ही, की बाईला पेंशन मिळते, तुम्ही उपाशी जा."

"आवाज खाली घ्या. बाहेर लोक आहेत."

"असू देत."

"तुमच्या भल्यासाठीच आजवर केलं मी. गीताची पुस्तकं कुणी दिली आठवीत? थोडं समाधान मानावं माणसाने."

इंदूने कमरेची कोठीची किल्ली काढून त्यांच्या पानाच्या तबकात टाकली. चुन्याचे शिंतोडे त्यांच्या धोतरावर उडाले. "पितृपक्षाचा स्वयंपाक तुम्हीच करा," असं म्हणून ती जिना उतरली.

तिला राग येण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. उरलेल्या खिरीची वाटी घरी नेली म्हणून तिला चारचौघांत विचारलं गेलं होतं. ताप अंगावर काढून वडे तळले त्या दिवसाची अर्धीच मजुरी हातावर ठेवली होती. दरवेळी ती घरी येऊन भांडी आपटायची, गीतावर खेकसायची, आणि सकाळी चारला उठून पुन्हा त्याच चुलीपुढे बसायची. घरात दोन दिवसांचे तांदूळ असत. दोन दिवसांच्या तांदळावर किती रुसणार?

या वेळी मंगळवारीच पैसे जमा झाले होते. फी भरलेली होती, डबे भरलेले होते. इंदू घरी बसली.

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी ती मुद्दाम उशिरा उठली. वेणीमाधवराव धावत येतील अशी तिची अटकळ होती. ते आले नाहीत. दुपारी गीता शाळेतून आली ती दारातच थबकली.

"आई, तू चिडणार नाहीस ना? धर्मशाळेत नंदामावशी आहे. खाना वही बना रही है. सगळा."

"नंदा?"

"सव्वादोनशेवर, म्हणे. गल्लीत सगळे बोलतायत."

इंदू तशीच उठली. नंदा तिच्या हाताखालची बाई. पुरणाला डाळ किती शिजवायची हेसुद्धा तिला इंदूने शिकवलेलं. अमृतराव घाटाच्या बाजूला एका जिन्याखालच्या खोलीत ती एकटी राही. इंदू पोहोचली तेव्हा नंदा नुकतीच परतली होती आणि भाजलेल्या मनगटाला बटाट्याचा कीस लावत होती.

"लाज वाटली नाही तुला?" इंदू दारातूनच कडाडली. "मी कुणासाठी किल्ली फेकली? उद्या तुझेही पैसे कापले असते त्याने. आणि तू जाऊन पंचवीस कमी घेतेस? माझ्या पाठीत सुरी घालायला तुला आजचाच दिवस मिळाला?"

नंदाने कीस मनगटावर नीट दाबून बसवला. मग तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"झालं बोलून? आता माझं ऐक, ताई. तुझ्या खात्यात तीन हजार आहेत. तुला राग परवडतो. मला नाही परवडत. मी आज घरी बसले असते तर उद्या काय खाल्लं असतं, सांग. तुझा राग शिजवून खाऊ?"

"मग तूही पेंशन घे! तू विधवा नाहीस?"

"कागदावर नाही."

इंदूला हे ठाऊकच नव्हतं. आठ वर्षं दोघी एका चुलीशी बसत होत्या आणि तिने कधी विचारलं नव्हतं. नंदाचा नवरा विश्वेश्वर एका यजमानाबरोबर नाशिकला निघाला होता. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून त्याला इटारसीला उतरवलं, आणि तिथल्या दवाखान्यात तो गेला. यजमानानेच अग्नी देऊन अस्थी धाडल्या. मृत्यूचा दाखला इटारसीहून आणायला हवा होता. तो नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून पेंशन नाही.

"मग आणला का नाहीस?"

"वेणीमाधवराव म्हणाले, मी पत्र लिहून मागवतो."

"कधी म्हणाले?"

"तो गेला त्या वर्षी. नऊ वर्षं झाली. दर दिवाळीला विचारते. म्हणतात, येईल, सरकारी काम आहे."

"तू स्वतः जायचंस!"

"कशाने जाऊ? जाण्यायेण्याचं भाडं कुठून आणू? तीन दिवसांची मजुरी बुडणार ती वेगळी. आणि तिथे कुणाला भेटायचं, काय बोलायचं? तू आलीस कधी विचारायला?"

इंदू परत निघाली तेव्हाही रागाने तिचे कान तापलेले होते. पण तो राग आता नंदावर धरवेना, आणि दुसरा कुणी समोर नव्हता म्हणून तो स्वतःवरच उलटला. आपल्या घरात तेलाचा डबा आला तेव्हा नंदाच्या घरात काय होतं, हे आपल्याला एकदाही दिसू नये? सबंध पंधरवडा ती घराबाहेर फारशी पडली नाही. कुणी दोन घरगुती श्राद्धांचे स्वयंपाक सांगितले तेवढे केले.

सर्वपित्री अमावस्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नंदाच्या खोलीत गेली आणि तिने तिकिटं पुढे केली.

"आज दुपारची गाडी आहे. इटारसी. चल."

"अगं, नवरात्राची मंडळी येणार आहेत. मंडळात विचारून..."

"विचारायचं नाही. सांगायचं. आणि मी आधीच सांगून आले आहे, तेव्हा तेही करू नकोस."

"एवढे पैसे कुठून आणलेस?"

"खात्यातले. मला राग परवडतो, तूच म्हणालीस. मग जरा खर्च करते."

तिकीट बिनआरक्षणाचं होतं. रात्रभर दोघी शौचालयाच्या दाराशी पिशवीवर बसून गेल्या. नंदाने विश्वेश्वरच्या जाण्याची तारीख आणि यजमानाने पाठवलेली दवाखान्याची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवली होती. सकाळी स्टेशनवर तोंडं धुऊन त्या विचारत विचारत जन्ममृत्यूच्या नोंदीच्या कचेरीत गेल्या. खिडकीशी एक तरुण बाबू होता. त्याने चिठ्ठी बघितली, तारीख विचारली, आत गेला, एक जाडजूड रजिस्टर उघडलं. मग यंत्रातून कागद निघाला, त्यावर शिक्का बसला.

"लीजिए माताजी."

नंदाने कागद घेतला. नवऱ्याच्या नावावरून तिने बोट फिरवलं. इंदूने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. त्या आल्याला अर्धा तास झाला होता.

"अर्धा तास," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "नंदे, अर्धा तास! एवढ्यासाठी नऊ वर्षं? नऊ वर्षं हे रजिस्टर इथे याच फडताळात पडलेलं होतं आणि तू तिथे त्या वेणीमाधवरावाचे पाय धरत होतीस!" तिने खिडकीच्या कठड्यावर मूठ आपटली. रांगेतले लोक मागे सरले.

बाबू बिचारा घाबरून उभा राहिला. "बहनजी, हमने क्या किया?"

"आपने कुछ नहीं किया, भैया," नंदा म्हणाली, आणि नऊ वर्षांत रडली नव्हती तशी त्या खिडकीशी रडली.

काशीला परतल्यावर इंदू घरी न जाता सरळ धर्मशाळेत गेली. नंदा मागून ओढली गेल्यासारखी आली. अंगणात नागपूरची मंडळी सामान उतरवत होती आणि वेणीमाधवराव त्यांना खोल्या वाटून देत होते. स्वयंपाकघराला तीन दिवस आचारी नव्हता. बाहेरून पुऱ्या मागवल्या होत्या आणि मंडळी कुरकुरत होती.

इंदूने दाखला त्यांच्यासमोर धरला. "हा बघा. पत्राची वाट बघत होता ना तुम्ही?"

त्यांनी वाचला. चेहरा जरा पडला. "अरे वा, मिळाला का. चांगलं झालं. खरं सांगू, माझ्या ध्यानातून राहूनच गेलं."

"तुमच्या ध्यानातून राहिलं. हिचं पोट मात्र रोज आठवण देत होतं. दर दिवाळीला ही तुमच्या दारात येत होती, तेव्हा तरी आठवायचं. की ही अशीच नडलेली राहिली तर सव्वादोनशेत येते, हे ध्यानात होतं?"

"इंदूताई, हे फार होतंय." आणि ते खरोखर दुखावलेले दिसले. आपण या बायकांचे उपकारकर्ते आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. इंदूला त्याचाच जास्त संताप आला. चोर असता तर त्याला निदान तोंड लपवावंसं वाटलं असतं.

नागपूरची एक वयस्क बाई सामान खाली ठेवून ऐकत उभी होती. "काय झालं हो?" तिने विचारलं. वेणीमाधवरावांनी घाईघाईने दोघींना कचेरीत नेलं. इंदूने चारशे मागितले, दोघींना सारखे. घासाघीस होऊन साडेतीनशेवर आलं, पण दोघींना. पितृपक्षात नंदाचे जे कमी दिले होते ते भरून द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. ते पैसे बुडाले ते बुडालेच. त्या दिवशी कणीक मळताना इंदू इतकी जोरात मळत होती की नंदा म्हणाली, "पुऱ्या दगडी होतील."

अर्ज भरायला गीता मावशीबरोबर गेली. आधार, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, सगळं तिने फोनवरून चढवलं. एकदा नावातल्या एका अक्षरासाठी अर्ज परत आला. इंदू पेंशनच्या कचेरीत जाऊन बाकावर बसून राहिली आणि बाबूचं जेवण होऊन तो परत येईपर्यंत उठली नाही. पाच महिने गेले. फाल्गुनात एके सकाळी नंदाच्या फोनवर बँकेचा निरोप आला. तिने तो इंदूला दाखवला, गीताकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि मग तो पुसला जाईल या भीतीने दोन दिवस फोनला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्याच एकादशीला धर्मशाळेत चाळीस माणसांचा फराळ होता आणि नंदा आलीच नाही. सात वाजले, आठ वाजले. इंदूने एकटीने साबुदाणा मोकळा केला, बटाटे सोलले, दाण्याचं कूट केलं. प्रत्येक बटाट्यागणिक ती नंदाला लाखोली वाहत होती. शेवटी गीताला पिटाळलं. गीता हसत परत आली.

"मावशी दवाखान्यात गेलीये. दाढ काढायला. शेजारीण म्हणाली, साल भर से दुखत होती."

चार वाजता नंदा आली. एक गाल टम्म फुगलेला, तोंडात कापूस. इंदू तेव्हा शेवटची कढई उतरवत होती.

"सांगून जायला काय झालं होतं?" इंदू ओरडली. "चाळीस माणसं! माझे हात बघ!"

"सांगितलं असतं," नंदा कापसाआडून कशीबशी बोलली, "तर तू म्हणाली असतीस, एकादशी होऊ दे. मग म्हणाली असतीस, रंगपंचमी होऊ दे."

इंदूने कढई खाली ठेवली. ती नेमकं तेच म्हणाली असती.

"एक वर्ष दुखत होती?"

नंदाने मान डोलावली.

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"बोलून काय झालं असतं?"

इंदूचा राग गेला नाही. तिने बाजूला काढून ठेवलेली वरीची पेज वाटीत ओतली, तिच्यात थंड ताक घातलं, आणि वाटी नंदापुढे आदळली. "गार आहे. डाव्या बाजूने पी. आणि ही सगळी भांडी उद्या तूच घासायची आहेस," असं बजावून ती हात पुसत बाहेर पडली.