मध्ये कोणीतरी आहे

प्रकाशाला एकेकटे करून पाठवणे ही एक साधना आहे, अशी एकेकरावांची मनोमन श्रद्धा होती. दिवा लावला की त्यातून कण झुंडीने निघतात, आणि झुंडीला गुपित सांगता येत नाही. गुपित सांगायचे तर एकट्याला गाठून सांगावे लागते. म्हणून संशोधन संस्थेतल्या आपल्या खोलीत, काळ्या पडद्याआडच्या जड पोलादी मेजावर त्यांनी एक स्रोत सिद्ध केला होता. त्यातून प्रकाशाचा एक कण निघावा, तो दूर जावा, आणि मगच दुसऱ्याने उंबरठा ओलांडावा, अशी त्याची रचना होती. संस्थेतल्या लोकांनी त्यांना 'एकेकराव' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनेच. त्यांनी मात्र ते नाव एखादी पदवी स्वीकारावी तसे नम्रपणे स्वीकारले.

रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या तळघरात ते कण टिपणारा शोधक होता. तो त्यांच्या पत्नीने घडवला होता. तिला सारी संस्था 'बाई' म्हणे. दोन्ही इमारतींना जोडणारा केसाएवढा काचेचा तंतू जमिनीखालून गेला होता. एकेकरावांनी इकडून कण सोडावा, बाईंनी तिकडे तो टिपावा, आणि टिपलेल्या कणांमधून दोन्हीकडे आकड्यांची एकसारखी माळ तयार व्हावी. ही माळ म्हणजे किल्ली. तिने संदेशाला कुलूप लावायचे आणि तिनेच ते उघडायचे. वाटेत कोणी कण चोरून पाहिला तर तो कण बदलतो, टिपणीत चुका वाढतात, आणि यंत्रावर तांबडा दिवा लागतो. चोराच्या मागे धावावे लागत नाही. नुसते डोकावले तरी तो उघडा पडतो. सृष्टीच्या या लाजाळूपणापुढे एकेकराव मनातल्या मनात हात जोडत.

परंतु ज्या दिवसांची ही कथा, त्या दिवसांत या पवित्र तंतूच्या दोन टोकांमध्ये अबोला होता.

कारण शास्त्रीय होते. संस्थेच्या सभेत कोणीतरी विचारले, की किल्ली एवढी तोकडी का बनते? एकेकराव उठले आणि म्हणाले, "शोधकाला विचारा. मिट्ट काळोखात, कुणीही आलेलं नसताना, तो 'आलं, आलं' म्हणून ओरडतो. रिकाम्या घराचं दार उघडायला धावणाऱ्या म्हाताऱ्यासारखं आहे त्याचं."

सभा हसली. बाई सावकाश उठल्या. "शोधक काळोखात दचकतो, मान्य आहे. पण ज्यांच्या स्रोतातून अधूनमधून कणांची जुळी निघतात, त्यांनी स्वतःला एकेकराव म्हणवून घेऊ नये. जुळ्यांतलं एक चोरानं उचललं तर दुसरं निमूटपणे माझ्याकडे येतं, आणि आपल्याला चोरीचा पत्ताही लागत नाही."

सभा त्याहून मोठ्याने हसली. दोन्ही विधाने खरी होती. या विद्येचे जगभरातले उपासक नेमक्या याच दोन दुखण्यांशी झगडत होते. विधान खोटे असते तर खोडून तरी काढता आले असते. खऱ्याला उत्तर नसते, म्हणून दोघांनीही तोंडाला कुलूप घातले.

घरातला व्यवहार तेव्हापासून मावशीच्या मार्फत चालू लागला. मावशी एकेकरावांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात तिची उभी हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ती यांच्याकडे राहायला आली होती.

"मावशी, यांना सांगा, चहा ओतलाय."

"मावशी, तिला सांग, मला डोळे आहेत."

"तो म्हणतोय, वास छान सुटलाय," मावशी सांगे. तिघेही एकाच टेबलाशी बसलेले असत, आणि बाई आपल्या कपाकडे बघत हे ऐकून घेत.

हे असेच निभावून गेले असते. पण परीक्षण समिती येणार अशी वार्ता आली. समितीच्या डोळ्यांदेखत किल्ली तयार होऊन तिच्या कुलपात एक संदेश पलीकडे पोचला, तर तंतू राहणार. नाही पोचला, तर तंतू साध्या इंटरनेटला देऊन टाकणार आणि एकेकरावांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचणार. संचालकांनी खोलीचे माप घ्यायला सुतार पाठवलाही होता. सुताराने स्रोताकडे बघून विचारले, "साहेब, हे उचलून न्यायचं की इथंच मोडायचं?" त्या रात्री एकेकरावांना जेवण गेले नाही.

त्यात आणखी एक विघ्न उभे राहिले. कणाच्या अंगी कंपनाची एक दिशा असते, कुणाची उभी, कुणाची आडवी, कुणाची तिरकी. आणि किल्लीचा आकडा त्या दिशेतच दडलेला असतो. काचेच्या तंतूतून जाताना ही दिशा फिरते. ऊन तापले तरी फिरते, रस्त्यावरून जड गाडी गेली तरी फिरते. तिला ताळ्यावर आणणारे स्वयंचलित यंत्र नेमके दुरुस्तीला गेले होते. आता ते काम हातानेच करायचे होते. एकेकरावांनी तंतूची वेटोळी बसवलेल्या चकत्या हळूहळू फिरवायच्या, आणि बाईंनी पलीकडून चुका वाढल्या की घटल्या ते सांगत राहायचे.

म्हणजे बोलायचे.

"त्यात काय एवढं?" मावशी म्हणाली. "मी घरी बसते. एका कानाला लँडलाइन, दुसऱ्याला मोबाइल. तू मला सांग, मी तिला सांगते. जन्मभर दुसरं काय केलंय?"

समितीच्या आदल्या सकाळी रंगीत तालीम सुरू झाली. एकेकरावांनी पहिली चकती किंचित वळवली आणि फोनवर विचारले, "मावशी, तिला विचार, काय दिसतंय?"

थोडा वेळ मावशीचे दबलेले बोलणे ऐकू आले. मग ती म्हणाली, "छान दिसतंय म्हणते."

"छान म्हणजे? चुका घटल्या का?"

"घटल्या असतील रे. तिचा आवाज प्रसन्न होता."

"तिला म्हणावं, प्रसन्न राहू नकोस, आकडा सांग. आणि त्या शोधकाला आधी नीट गार कर, नाहीतर काळोखातली भुतं मोजत बसशील."

पुन्हा दबलेले बोलणे. "ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. आणि म्हणते, पुढची चकती फिरवा, तुमचा हात चांगला आहे."

एकेकरावांचा तो हात चकतीवर थबकला. त्यांनी पुढची चकती फिरवली, मग त्यापुढची. दर वेळी मावशीकडून अमृताचे दोन थेंब येत होते. "अगदी योग्य." "आता हलवू नका, सुरेख जमलंय." आणि शेवटी, "ती म्हणते, असा स्रोत आजवर कुणीच बनवला नाही."

एकेकरावांनी पडद्याआड, कोणी पाहत नसताना, आपल्या स्रोताच्या काचेच्या झाकणावरून हळुवार हात फिरवला. त्यांचे डोळे ओलावले होते. त्यांनी कण सोडायला प्रारंभ केला.

आणि तांबडा दिवा लागला.

चारातला एक आकडा चुकत होता. पुस्तकात लिहिले आहे, की मध्ये बसलेला चोर प्रत्येक कण पकडून, बघून, पुन्हा पुढे पाठवू लागला तर बरोबर इतक्याच चुका होतात. यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटली: मध्ये कोणीतरी आहे.

संचालक धावत आले. "चोर! उद्या समिती, आणि आज चोर!" त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावले. अधिकाऱ्याने तंतू गेलेल्या रस्त्याखालच्या नालीची सगळी झाकणे उघडवली, स्वतः गुडघ्यांवर बसून आत टॉर्च मारला आणि गंभीरपणे जाहीर केले, की आत एक पाण्याचा पाइप आहे आणि तो निर्दोष दिसतो.

बाई पलीकडच्या इमारतीतून बाहेर आल्या होत्या. उघड्या नालीच्या एका काठाला त्या, दुसऱ्या काठाला एकेकराव. दोघेही अधिकाऱ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. मात्र बाईंनी एकेकरावांकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात चक्क करुणा होती. एकेकरावांना काही उमजेना. ते खोलीत परतले आणि मनाला आधार म्हणून सकाळचे ते वाक्य पुन्हा आठवू लागले. असा स्रोत आजवर कुणीच बनवला नाही.

आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरत गेला. ही बाई पुराव्यावाचून वाक्य बोलत नाही. लग्नाला होकार देतानाही ती म्हणाली होती, "सध्याच्या माहितीनुसार, हो." ती 'कुणीच' म्हणेल? 'आजवर' म्हणेल? मागे एकही 'कदाचित' न जोडता? तो संदेश फार सुंदर होता. तो तिचा असणे शक्यच नव्हते.

त्यांनी घरी फोन लावला. "मावशी, खरं सांग. तिनं माझ्या स्रोताचं कौतुक केलं?"

"मनात केलं असेल की."

"मावशी!"

"अरे, ती म्हणत होती, बिघडलं, उलटं फिरवा, शुद्धीवर आहात का. असलं कुणी जोडून देतं का? एक्स्चेंजमध्येही मी कुणाचं भांडण सरळ जोडून दिलं नाही."

"आणि तिला तू काय सांगत होतीस?"

"हेच, की तो म्हणतोय, याहून मला जमत नाही गं, सांभाळून घे."

एकेकराव खुर्चीत बसले. नालीच्या काठावरची ती करुणा त्यांच्या ध्यानात आली. पुस्तकातला चोर कण पकडून बदललेला कण पुढे पाठवतो. हिने शब्द पकडून लोणी लावलेला शब्द पुढे पाठवला होता. यंत्र खोटे बोलत नव्हते.

संचालकांनी दारातून डोके आत घातले. "चोराचा काही माग?"

"मध्यस्थ सापडला."

"पोलीस बोलावू?"

"नको. आमच्याकडेच राहते ती. वयस्कर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, समितीच्या गाड्या यायच्या आत, एकेकरावांनी तळघराचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. अबोल्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे सांगावे लागत नाही. पण पडद्यापलीकडे सुताराच्या फुटपट्टीची आठवण उभी होती.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे? काल 'मी' म्हणून पुष्कळ गोड बोलणं माझ्या कानी घातलं गेलं. मी रात्रभर विचार केला. ते तुमचं असूच शकत नाही. आधी ओळख पटवा."

विचारणे रास्त होते. या विद्येतही अगदी आरंभी दोघांपाशी एखादी जुनी सामायिक खूण असावी लागते; तिच्यावाचून पलीकडे खरोखर कोण आहे ते कळायला मार्ग नाही. एकेकराव म्हणाले, "तुझा शोधक म्हणजे रिकाम्या घराचं दार उघडायला धावणारा म्हातारा."

"पटली," बाई म्हणाल्या. "फिरवा पहिली चकती. अहो, उलटी! वाढल्या चुका. आणखी. आता घटतायत. थांबा. थांबा म्हटलं ना!"

असे खडबडीत शब्द एकेकरावांनी कधी इतक्या कृतज्ञतेने ऐकले नव्हते. चुका घटत घटत अगदी थोड्या उरल्या. दिवा हिरवा झाला.

समिती आली. अध्यक्षा वृद्ध होत्या, आणि त्यांचा स्वभाव खोदून विचारण्याचा होता. "हे किती लांब जाईल?"

"फार लांब नाही," एकेकराव म्हणाले. संचालकांनी खोकून पाहिले. "लांबच्या वाटेवर कण हरवतात. साध्या संदेशासारखं त्याला मध्येच बळ देता येत नाही, कारण एकट्या कणाची हुबेहूब नक्कल निघत नाही. वाटेत त्याला न दुखावता जपून ठेवील अशी धर्मशाळा बांधायला हवी. ती अजून कुणालाच नीट साधलेली नाही. याच कणांकडून गणितं करून घेऊ पाहणाऱ्यांचंही तेच दुखणं. बेरीज पुरी होण्याआधीच आकडे हरवतात."

"आणि तुमचा स्रोत?"

एकेकरावांनी पडद्याकडे पाहिले. "कधीकधी जुळी निघतात."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बाईंचा आवाज आला, "माझा शोधकही काळोखात दचकतो. लिहून घ्या."

अध्यक्षांनी लिहून घेतले. "आता एक वाक्य पाठवा. काय ते आम्हाला दाखवू नका. आम्हाला न कळणं हीच तुमची परीक्षा. पूर्ण वाक्य पोचलं तर तंतू राहील. अर्धवट पोचलं तर मला सही करता येणार नाही."

किल्ली बनली. नेहमीप्रमाणे तोकडीच. जितकी किल्ली तितकीच अक्षरे, असा नियम. एकेकराव पडदा ओढून यंत्रापाशी बसले. मनात वाक्य तयार होते: चूक माझी एकट्याची नव्हती. त्यात न्याय होता, समतोल होता, आणि थोडी क्षमाही होती. ते एकेक अक्षर टंकू लागले. यंत्र त्याला लगेच कुलूप घालून पलीकडे पाठवू लागले. चूक. माझी. आणि यंत्र थांबले. किल्ली संपली होती.

एकेकरावांनी पुन्हा पुन्हा कळ दाबून पाहिली. यंत्र ढिम्म. वाक्याचा उरलेला भाग, ज्यात त्यांची सारी अब्रू होती, अलीकडेच अडकून पडला होता.

स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा हळू होता. "संदेश मिळाला." मग त्यांनी विचारले, "पूर्ण आहे का?"

सगळी समिती पडद्याकडे पाहू लागली. संचालकांनी डोळे मिटले. एकेकरावांचे ओठ हलले. 'नाही' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. शास्त्र त्याच्या बाजूने होते. त्यांनी मनात उरलेले ते शब्द एकदा वाचले. एकट्याची नव्हती. त्यांवाचून वाक्याचे काही अडत होते का? त्यांनी प्रामाणिकपणे शोधले, आणि अडताना दिसले नाही. मग त्यांनी ते शब्द सोडून दिले, अगदी कायमचे.

"हो," ते म्हणाले. "तेवढंच म्हणायचं होतं."

अध्यक्षांनी सही केली. तळघरातून बाई म्हणाल्या, "अहो, वर येते मी. कुणाच्याही मार्फत नाही."