चव्वेचाळीस नंबरचा पुकारा

मिस ओपलच्या खानावळीत बसलं की प्लेटखाली एक कागद येतो, टेबल खराब होऊ नये म्हणून. सध्या त्या कागदावर केशॉन व्हिटलोचा फोटो आहे. आमच्या टॅनर कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात उंच पोरगा. हातात मिस ओपलचं प्रसिद्ध सँडविच, तळलेलं डुकराचं मांस पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबतंय, आणि पोरगा बत्तिशी दाखवून हसतोय. या फोटोचे त्याला पैसे मिळाले. त्यात टायरवाल्याच्या जाहिरातीचे पैसे घालून त्याने नवीकोरी पिकअप घेतली आणि आता ती गावभर मिरवत हिंडतो. हिंडू दे. त्या पोराशी माझं काही वाकडं नाही. पण तो कागद दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी बसल्याबसल्या पहिल्यांदा तो कागद उलटा करून ठेवतो.

कारण अगदी असाच कागद शहाऐंशी साली होता आणि त्यावर लाव्हेल गेन्स होता.

लाव्हेल आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, चव्वेचाळीस नंबर. मी वेंडेल क्राट्झ, त्याला बॉल पुरवणारा, उंचीने जेमतेम त्याच्या काखेपर्यंत. त्या वर्षी आमच्या एवढ्याशा कॉलेजने मोठमोठ्या विद्यापीठांना लोळवलं आणि देशातल्या शेवटच्या आठ संघांत जागा मिळवली. गावाने असलं काही त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर तर नाहीच नाही.

तेव्हाचे नियम आता सांगितले तर पोरं मला वेड्यात काढतात. कॉलेजने खेळाडूला कोरडा पाव दिला तर चालायचा. त्यावर लोणी फासलं की ते जेवण झालं, आणि नियमाबाहेरचं जेवण म्हणजे लाच! हॉल आमच्या नावावर भरायचा, तिकिटं आमच्या नावावर विकली जायची, कोचला नवं घर मिळालं, आणि आम्ही कोरडे पाव चावत बसायचो. खेळाडूचा फोटो दुकानाच्या भिंतीवर लावलेला चालायचा. पण त्या फोटोत त्याच्या हातात दुकानातली वस्तू दिसली की ती जाहिरात, आणि जाहिरात म्हणजे गुन्हा.

मिस ओपलला हे कुठे ठाऊक? दोन लग्नं होऊनही अख्खं गाव तिला ‘मिस ओपल’च म्हणतं, आणि ती बोलेल ते मुकाट्याने ऐकतं. फोटो काढताना ती लाव्हेलला म्हणाली, “रिकाम्या हातांनी काय उभा राहतोस भुतासारखा? हे धर.” आणि त्याच्या हातात सँडविच कोंबलं. त्याने धरलं. मोठ्या माणसाने दिलेलं नाही म्हणायचं नाही, असं आईने शिकवलेलं.

त्याची आई अर्नेस्टीन, पार उत्तरेला गॅरी शहरात, इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. इकडे यायच्या तिकिटाला तिच्याकडे पैसे नसत. कॉलेजने ते द्यायचे नाहीत, दुसऱ्या कोणी दिले तर पोराचं करिअर संपलं. त्यामुळे बाईने आपल्या मुलाला कॉलेजसाठी खेळताना कधी पाहिलंच नाही. त्यावर मिस ओपलने उपाय शोधला. सामना सुरू व्हायच्या आधी ती खानावळीतून गॅरीला फोन लावायची आणि रिसीव्हर रेडिओला टेकवून ठेवायची. हॉलमधला पुकारा करणारा म्हातारा बर्ट नाव असं ताणायचा, “चव्वेचाळीस नंबर, लाव्हेऽऽल गेन्स!” की तिकडे अर्नेस्टीनबाई फोनवर टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या इकडे खानावळीत ऐकू यायच्या. गिऱ्हाइकं खाता खाता थांबायची.

हे सगळं बुडालं ते एका हरलेल्या कोचमुळे. आमच्याकडून सडकून मार खाऊन तो मिस ओपलकडे जेवायला आला. प्लेट उचलली, तर खाली त्याच्या संघाची धूळधाण करणारा लाव्हेल, सँडविच घेऊन हसतोय! त्या माणसाने सँडविच संपवलं, बोटं चाटली, कागदाची घडी केली, खिशात घातली आणि कॉलेजांच्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेकडे पाठवून दिली. मग टाय लावलेले दोघे आले. त्यांनी फोटो पाहिला, फोनची बिलं पाहिली. निकाल असा, की लाव्हेलने खानावळीची जाहिरात केली आणि मोबदल्यात फुकट फोन घेतले. लाव्हेलला कायमची बंदी, आणि आमच्या त्या वर्षीच्या सगळ्या विजयांवर काट. म्हणजे आम्ही हरलो असंही नव्हे. ते सामने झालेच नाहीत! हॉलच्या छताला लटकवलेला शहाऐंशीचा बॅनर शिडी लावून उतरवला, तेव्हा आमचा कोच भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पुढच्या हंगामात लाव्हेलशिवाय आमचं पार पानिपत झालं. कोच गेला, दोघे तिघे दुसऱ्या कॉलेजात पळाले. लाव्हेल काही हिवाळे बेल्जियममध्ये खेळला, गुडघे घालवून परत आला आणि गॅरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला.

आणि आता? आता नियम बदलले. आता खेळाडूने सँडविच धरावं, टायर धरावं, गादीवर लोळून दाखवावं, सगळं कायदेशीर. नियम बदलला त्या दिवशी मी कॉलेजला पहिलं पत्र लिहिलं की आमचा बॅनर परत लावा. उत्तरं येतात. फार सभ्य उत्तरं येतात. सभ्य उत्तरं वाचून वाचून माझं ब्लडप्रेशर वाढलंय.

या हिवाळ्यात मात्र कॉलेजला आमची आठवण झाली. खेळ विभागाचा प्रमुख ब्रँटली साइक्स, माझ्या मुलाच्या वयाचा, याच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. शनिवारच्या सामन्याच्या मध्यंतरात जुना लाव्हेल आणि नवा केशॉन, दोघांनी मिस ओपलचं सँडविच घेऊन मैदानाच्या मध्यभागी उभं राहायचं. लाव्हेललाही पैसे मिळणार होते.

लाव्हेलने मला फोन केला. “वेंडेल, पैशाचं त्यांना काय वाटेल ते करू दे. माझी अट एकच. पुकारा बर्टसारखा व्हायला पाहिजे. नंबर, नाव, साल. आई फोनवर ऐकणार आहे.”

“कशी आहे रे ती?”

“डोळे गेले. कान आहेत अजून. कधी कधी कुठलं साल चाललंय तेही विसरते. पण बर्टची नक्कल करते, हुबेहूब.”

शुक्रवारी आम्ही दोघे साइक्सच्या ऑफिसात जाऊन बसलो. लाव्हेल काठी टेकत आला. दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला, अजूनही. साइक्सने दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि भेट म्हणून एक शर्ट पुढे केला. आमच्या वेळचा, पिवळ्या पट्टीचा, पाठीवर चव्वेचाळीस.

“आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो हा, गेन्ससाहेब.”

लाव्हेलने तो अंगाला लावून पाहिला. खांद्यांनाच तोकडा पडला.

“याहून मोठा नाही का?”

“हाच सगळ्यात मोठा आहे, सर.”

मी म्हटलं, “वा! त्याच्याच नंबरचा शर्ट, आणि त्यालाच होत नाही. बरं, पुकाऱ्याचं काय ठरलं?”

साइक्सने खुर्ची सरकवली. “त्यात एक अडचण आहे. ते वर्ष रेकॉर्डमध्ये नाही. त्याचा जाहीर उल्लेख केला तर संघटना आमच्यावर कारवाई करू शकते.”

“उल्लेख करता येत नाही, मग हा शर्ट कसा विकता?”

“शर्टावर साल नाही. नावही नाही.”

“नंबर आहे ना?”

“नंबर काय, कोणाचाही असू शकतो, सर.”

“अरे गृहस्था, उद्या तुम्ही त्याला उभं करून जे करायला लावणार आहात, नेमकं तेच केलं म्हणून त्याला हाकललं होतं! तेच सँडविच, तीच बाई! आणि तू मला रेकॉर्ड सांगतोस?”

“क्राट्झ सर, तुमची भावना मी समजू शकतो.”

“भावना घाल चुलीत!”

लाव्हेलने काठी माझ्या बुटावर टेकवली. मग साइक्सकडे बघून शांतपणे म्हणाला, “बेटा, माझी आई थकलीय. तिला एकदा ऐकायचंय. एका वाक्याचं तर काम आहे.”

साइक्सने मान हलवली. “बघतो, काय करता येतं ते.”

लाव्हेलला तो होकार वाटला. माणूस मनाचा साधा, चाळीस वर्षांपूर्वीही असाच होता. मी मनात चडफडलो.

तिथून मिस ओपलकडे गेलो. ती नव्वदीला टेकलीय, पण गल्ल्यावरची खुर्ची सोडत नाही. काउंटरवर नेहमीची मंडळी होती आणि लाव्हेलला बघून त्यांचा नेहमीचा खेळ सुरू झाला. तेव्हा पैसे मिळत असते तर? मीच त्या खेळाचा म्होरक्या. मी सगळं रचून ठेवलेलं आहे. लाव्हेल शेवटचं वर्ष खेळला असता. पळालेले पळाले नसते. सत्त्याऐंशीला आम्ही शेवटच्या आठांत नाही, थेट शेवटच्या सामन्यात असतो.

“आणि जिंकलो असतो!” मी टेबलावर हात आपटला. “सांग रे लाव्हेल, यांना सांग.”

लाव्हेल केशॉनच्या फोटोवरचा मोहरीच्या चटणीचा डाग पुसत होता.

“वेंडेल, पैसे मिळत असते तर मी इथे आलोच नसतो.”

“म्हणजे?”

“मोठ्या विद्यापीठांचे तिघे जण आईच्या स्वयंपाकघरात बसून गेले होते. कोणालाच काही देता येत नव्हतं, सगळे सारखेच. मग आईने तुमचा कोच निवडला. का, माहितीये? जेवण झाल्यावर त्याने आपली बशी स्वतः विसळली.” तो हसला. “दुसऱ्या कोणी आईला घराची किल्ली दाखवली असती ना, तर मी धावत गेलो असतो. टॅनर कॉलेज कुठे आहे, हे मला कळलंसुद्धा नसतं. तूही नसतास कळला.”

“काहीतरीच बोलतोस.”

“खरं तेच बोलतोय. आणि गेलो असतो याचं मला वाईटही वाटलं नसतं, लेका. माझ्या आईचे हात बघितले होतेस तू? लाँड्रीच्या सोड्याने सोललेले?”

इतकी वर्षं मी ज्या संघाची स्वप्नं रंगवत होतो, त्या संघात लाव्हेलच नव्हता! त्याचा राग आला, नियमांचा आला, त्या बशी विसळणाऱ्या कोचचाही आला. आणि सगळ्यात जास्त याचा, की लाव्हेलचं खरं होतं.

गल्ल्यावरून मिस ओपल म्हणाली, “मग मी कोणाला रेडिओ ऐकवला असता रे?” आणि नाक शिंकरत आत निघून गेली.

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला होता. मध्यंतर झालं. लाव्हेल काठी टेकत मध्यभागी गेला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, गॅरीला लावलेला. सँडविच धरायला हातच उरला नव्हता, म्हणून केशॉनने बिचाऱ्याने दोन्ही सँडविचं धरली. मी रेषेबाहेर उभा होतो. लाव्हेलने फोन वर धरला, छतातल्या लाउडस्पीकरकडे, जितका उंच धरता येईल तितका. त्याचा हात फार उंच जातो.

“मंडळी!” पुकारा झाला. “आपल्या लाडक्या केशॉनबरोबर आज आहेत, आपल्या कॉलेजचे एक जुने स्नेही, मिस्टर लाव्हेल गेन्स!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभ्य टाळ्या. लाव्हेलचा हात तसाच वर राहिला, पुढे अजून काही येईल म्हणून. पुढे टायरची जाहिरात आली.

मी साइक्सला शोधत सुटलो. कोणत्या तरी धनाढ्य देणगीदाराबरोबर वरच्या काचेच्या खोलीत बसला होता. रखवालदाराने मला जिन्यावरच अडवलं. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि परत फिरलो.

लाव्हेल पार्किंगमध्ये माझ्या गाडीशी उभा होता. कडाक्याची थंडी. फोन अजून हातातच.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“विचारत होती, हे स्नेही कोण? आणि तुझं नाव कधी घेणार?”

“मग तू काय सांगितलंस?”

“अजून वेळ आहे म्हटलं.” त्याने फोनकडे बघितलं. “ती थांबलीय.”

“म्हणजे फोन चालू आहे?”

त्याने मान डोलावली. त्याचा चेहरा मला बघवेना. मी फोन हिसकावून घेतला, तोंडापासून हातभर लांब धरला, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि त्या गाड्यांच्या मधोमध बर्टसारखा ओरडलो:

“टॅनर कॉलेज! सन एकोणीसशे शहाऐंशी! चव्वेचाळीस नंबर, लाव्हेऽऽल गेन्स!”

शेवटी आवाज फाटला. काचेवरचा बर्फ खरवडणारी माणसं वळून बघायला लागली. लाव्हेल माझ्याकडे पाठ करून गाडीच्या टपावर हात टेकून उभा राहिला.

फोनमधून टाळ्या आल्या, म्हाताऱ्या हातांच्या. बराच वेळ येत राहिल्या. मग अर्नेस्टीनबाईचा आवाज आला.

“ओपलला सांगा हं, आज रेडिओ अगदी स्वच्छ लागलाय.”