वर्दी पोहोचली, वर्दी पोहोचली नाही

पाटीलकी ज्याला हवी त्याने खुशाल घ्यावी, असे मी चारचौघांत म्हणतो. कोणी खरेच हात पुढे केला तर मी देणार नाही, हेही त्या चौघांना ठाऊक आहे. आमचे गाव कर्जतहून खालापूरला जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी. घरे साठ-सत्तर. एवढ्याशा गावाला पाटील कशाला हवा असे ज्याला वाटते त्याने गेल्या साली इथे राहून दाखवायचे होते. मुंबईहून गाठीचा ताप आला आणि गावातली अठरा माणसे घेऊन गेला. जो जाईल त्याची वर्दी त्याच दिवशी खालापूरच्या कचेरीत पोचवायची, असा हुकूम होता. मी मोडी लिहितो, अक्षरही बरे आहे. "अमुक बिन तमुक, वय इतके, गाठीचे तापाने मयत, सबब वर्दी." अठरा वेळा हे लिहिले. त्यानंतर माझे असे झाले की वर्दी हा शब्द ऐकला की मला तिरडीच दिसायची.

हे आधी सांगतो, कारण पुढच्या प्रकाराला लोक माझी लबाडी म्हणतात. लबाडी होती, नाही कोण म्हणतो? पण आधी चूक झाली, मग लबाडी. एवढा क्रम तरी लोकांनी नीट लावावा.

लडकू माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण आणि मेव्हणा दोघेही गेल्यावर माझ्याच घरी वाढला, आणि पुढे माझी एकुलती एक बायजा त्यालाच दिली. सात वर्षे तो पलटणीत शिपाई होता. दोन वर्षांमागे घरी आला, पण पुरता सुटून नव्हे. शेती कर, संसार कर, मात्र सरकारने बोलावले की परत ये, अशा बोलीवर त्याला सोडले होते. पलटणीत त्याला रिझर्व म्हणत, गावात 'रिजर' म्हणत. मला वाटायचे की बोलावणे म्हणजे सोयऱ्याच्या घरचे बारशाचे बोलावणे, जमले तर जायचे. दोन वर्षे कोणी बोलावलेही नाही. त्याचा कोट, पट्टा आणि टोपी पेटीत पडून होती.

यंदा भाद्रपदात गौरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीचा कागद आला. वर कुठेतरी पेशावराकडे पठाण उठले होते, हे मी बाजारात ऐकले होते. कागदात होते ते असे: "लडकू बिन येसाजी, रिझर्व शिपाई, यास आठ रोजांत वर्दीसह हजर करावे. इसम हजर करण्याजोगा नसल्यास वर्दी पाठवावी. कसूर होऊ नये."

मी तीनदा वाचले. पहिली ओळ काही केल्या उमगेना. जित्या माणसाबरोबर त्याच्या मयताची वर्दी कशी द्यायची? कारकून डुलक्या घेत लिहीत असावा. दुसरी ओळ मात्र लख्ख होती. माणूस द्या, नाहीतर तो मेल्याची वर्दी द्या. सरकारला दोन्ही चालत होते. माझ्या घरात बायजाला सहावा महिना लागला होता, आणि सरकार मलाच विचारत होते की यातले काय देतोस.

लडकूला विचारले असते तर त्याने एका दमात अर्थ सांगितला असता. पण विचारायचे म्हणजे कागद दाखवायचा, आणि कागद दाखवला की तो निघाला. तो बाहेर ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. मी आत बसून लिहिले, "लडकू बिन येसाजी, वय तीस, शेतात पान लागून मयत, सबब वर्दी." ताप मुद्दामच लिहिला नाही. तापाचे लिहिले की माणसे चुना घेऊन येतात, कौले काढतात आणि घरच्यांना गावाबाहेर झोपड्यांत नेऊन ठेवतात. साप चावून मेलेल्याच्या घरी कोणी येत नाही. विळ्याचा आवाज ऐकत मी सही केली. हात जरासुद्धा कापला नाही, ही माझी मला आजही न समजलेली गोष्ट आहे.

कागद गेला आणि मी सुटलो असे मला वाटले. सुटलो कसला. आठवड्याने लडकू कर्जतच्या बाजारातून आला तो तोंड पाडूनच. नेरळकडचे दोघे आणि ठाकुरवाडीच्या खालचा एक, त्याच्याच बरोबरचे रिजर, आगगाडीने पुण्याला गेले होते.

"मामा, माझाच कागद कसा नाय आला?" त्याने विचारले.

येईल की, म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग विचारायचा थांबला आणि स्वतःशीच कारणे शोधू लागला. पलटणीतल्या शेवटच्या साली त्याच्या पायाला जखम झाली होती. लंगडतो म्हणून सुभेदाराने नाव खोडले असणार, असे त्याने बायजाला सांगितले. मग सकाळी उठून डोंगराच्या वाटेने धावत वर जायचा आणि धावत खाली यायचा. पाय किती चांगला आहे ते तो कोणाला दाखवत होता, देव जाणे. बाया पाणी भरता भरता थांबून हसत. भात निसवायला आले होते, बांध फुटले होते, आणि आमचा जावई डोंगर चढत होता. बायजा मला म्हणाली, त्ये गेले नाहीत म्हणून मला बरं वाटतं, आन् त्यांच्याकडं बघितलं की वाईट वाटतं, मी काय करू? मला काय विचारतेस म्हणून मी तिच्यावर खेकसलो. मला तरी कुठे कळत होते? ज्याला मी मरणातून काढले, तो रोज माझ्यापुढे झुरत होता.

पितृपंधरवड्यात दुसरा कागद आला. "मयताची वर्दी पोहोचली. वर्दी अद्याप पोहोचली नाही. सबब सत्वर पाठवावी."

माझे डोके फिरायची वेळ आली. पोहोचली म्हणतात, आणि पोहोचली नाही असेही म्हणतात. शेवटी मी ठरवले की पहिली वर्दी फार त्रोटक पडली. मग दुसरी सविस्तर लिहिली. कोणत्या शेतात, कोणत्या पायाला, कोणी झाडपाला लावला, अग्नी किती वाजता दिला, सगळे. लिहिता लिहिता मला हुंदका आला. खोट्या मरणावर मी खरा रडलो, असा मी मूर्ख. आठ दिवसांनी उत्तर आले, "वर्द्या दोन पोहोचल्या. वर्दी पोहोचली नाही. पाटील यांनी खुलासा करावा."

खुलासा काय करणार? मी उत्तरच पाठवले नाही. तेव्हा कचेरीचा पट्टेवाला शुक्रा स्वतःच आला. मी त्याला चावडीत बसवले. तो जावयाबद्दल हळहळला, तरणाताठा गेला म्हणाला, आणि तेवढ्यात तोच तरणाताठा त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. शुक्राने त्याला कधी पाहिले नव्हते. लडकूने तांब्या ठेवला आणि आशेने विचारले, कचेरीतून कोणाचा कागद आणलाय का? शुक्रा तोंड उघडणार इतक्यात मी ओरडलो की बैल सुटलाय, जा, आधी बघ. बैल सुटला नव्हता. लडकू गेला.

"पाटील, कागद काय पाठवत बसलाय," शुक्रा पाणी पिऊन म्हणाला. "वर्दी म्हंजे कापडं. सरकारी कोट, पट्टा, टोपी. पलटनीत त्यालाच वर्दी म्हनतात. मानूस मेला तर कापडं परत करायची, एवढंच हाय त्ये."

अठरा मढ्यांच्या वर्द्या लिहिलेल्या माणसाला हा दुसरा अर्थ शिवलाच नव्हता. कोट पाठवून सुटका होत असेल तर झालेच की, असे मनात आले. पण शुक्राचे बोलणे संपले नव्हते. कचेरीचे मुख्य, रावसाहेब महालकरी, चिडले होते. मयताच्या बायकोने स्वतः कपडे घेऊन कचेरीत यायचे आणि ते जमा केल्याचा अंगठा द्यायचा. दोन दिवसांची मुदत.

बायजाला मी परसात नेऊन सगळे सांगितले. ती ओरडली नाही, रडली नाही. तुमी त्यांना मारलंत होय, एवढेच म्हणाली, आणि बराच वेळ शेणाची पाटी हातात धरून उभी राहिली. मी समजावले की कागदच आहे तो, कागदाने कोणी मरत नाही. कचेरीत घटकाभर उभे राहायचे, अंगठा द्यायचा, परत यायचे. पोटातल्या पोराला बाप राहील. ते शेवटचे तिला पटले असावे. लडकू वरच्या शेतात गेल्यावर तिने पेटीतले कपडे काढून एका धोतरात बांधले, आणि आम्ही गाडी जुंपली.

खालापूरच्या अलीकडे एक ओढा लागतो. तिथे मी बैल थांबवले. बांगड्या तिने आधीच पदराखाली सारल्या होत्या. मी तिला म्हणालो, आता कपाळही धुऊन घे, कचेरी जवळ आली. ती उतरली, पाण्याशी बसली, पदराचे टोक भिजवले. मी दुसरीकडे बघत होतो. बराच वेळ झाला तशी मी वळलो. ओला पदर तिच्या हातात होता आणि कुंकू जिथल्या तिथे होते.

"बाबा, त्ये लढाईत गेले आन् काय झालं, तर त्ये माझं नशीब," ती म्हणाली. "पन ह्ये मी आज आपल्या हातानं पुसलं, तर मग नशिबाला काय बोल लावू? तुमी कागदावर मारलंत. आता मी कपाळावर मारू?"

मला तोंड वर करवेना. जे कपाळ उघडे पडू नये म्हणून मी सगळा उपद्व्याप केला, तेच उघडे करायला मी तिला ओढ्यावर आणून बसवली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. तिने पदर पिळला, गाडीत चढली आणि म्हणाली, गाडी फिरवा.

लडकू बांधावर होता. बायजाने गाठोडे त्याच्यापुढे ठेवले आणि माझ्याकडे बघितले. सांगणे माझ्याकडे होते, मी सांगितले. तो मध्ये एकदाच बोलला.

"म्हंजे कागद आला हुता?"

आला होता, म्हणालो. त्याचा चेहरा असा उजळला की मला ते बघवेना. शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. त्याला आनंद झाला होता, आणि मी महिनाभर त्या आनंदावर बसून होतो. मग हळूहळू बाकीचे त्याच्या ध्यानात आले. मी मेलो तरी कशाने, असे त्याने विचारले. पान लागून, मी सांगितले. तेव्हा मात्र तो संतापला. बरोबरीचे सगळे डोंगरात गोळ्या खायला निघाले, आणि लडकू बांधावर साप चावून मेला, हे आता पलटणभर झाले असेल, म्हणाला. तो मला मामा म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बायजाशी काय बोलला ते मी ऐकले नाही आणि विचारलेही नाही.

मुदतीच्या दिवशी आम्ही दोघे खालापूरला चालत गेलो. तो कोट घालून पुढे, मी मागे. त्याचा पाय अगदी चांगला पडत होता. कचेरीत महालकऱ्यांनी विचारले, बाई कुठे आहे, आणि हा कोण? मी म्हणालो, मयत. कारकुनाच्या हातातला टाक खाली पडला. मग मी रावसाहेबांच्या पायावर डोके ठेवून पहिल्यापासून सगळे सांगितले. रावसाहेब रागवावे की हसावे या पेचात पडले. अखेर म्हणाले, तुझ्या पाटीलकीचे मागाहून बघू, आधी हे निस्तर. मेलेला माणूस परत आल्याचा रकाना कारकुनाच्या वहीत नव्हता. तेव्हा तूच नवी वर्दी दे, असे ठरले, आणि कागद-टाक माझ्यापुढे सरकवला.

मी लिहायला घेतले. "लडकू बिन येसाजी, वय तीस, जिवंत, वर्दीसह हजर." दोन वेळा त्याला मारले तेव्हा न कापलेला हात आता कापत होता. त्या दोन कागदांनी तो घरी राहिला होता. हा कागद त्याला संध्याकाळच्या आगगाडीत बसवणार होता, आणि तो माझ्याच अक्षरात हवा होता. अक्षर इतके वाईट आले की रावसाहेबांना वाचता येईना. त्यांनी मलाच मोठ्याने वाचायला लावले. मी वाचले. लडकू दाराशी ताठ उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"हा तिसरा कागद आहे, पाटील," रावसाहेब म्हणाले. "पुन्हा बदलायचा नाही. इसम जिवंत आहे ना, नक्की?"

मी लडकूकडे बघितले.

"आज हाय, रावसाहेब," मी म्हणालो. त्यांनी सही करायला सांगितले, आणि मी केली.