पोरीला पोचवायला काढलेली गाडी

"रुमाल भिजव, सेनाइदा! प्यायचं पाणी हाय म्हणून काय झालं? वत त्याच्यावर!" एलादियो बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडला.

मी डोक्याचा रुमाल सोडला, बाटलीतलं पाणी ओतून त्याच्या हातात दिला. त्यानं तो पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला. ऊन असं मरणाचं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना नुसता ऊस, अन् वर गिधाडं फिरत होती.

मागच्या सीटवर त्याची एकुलती एक लेक, युदेल्किस, मांडीवर पिशवी धरून बसली होती. आई वारल्यावर अर्धी मीच वाढवली तिला. बाप्तिस्म्याला मीच धरली होती, म्हणून ती मला माद्रिना, म्हणजे धर्माची आई, म्हणते. त्या दिवशी संध्याकाळी हवानातून तिचं विमान होतं, नवरा मायामीला वाट बघत होता. देश सोडायची परवानगी त्याच दिवशी संपणार होती. विमान चुकलं की सगळं पहिल्यापासून, अन् पुन्हा मिळेल न मिळेल देवाला ठाऊक.

एलादियोला ती जायला नकोच होती. महिनाभर त्याची आदळआपट चालली होती. "हितं तंबाखूच्या पानाला हात लावायला लाज वाटती, अन् तिकडं लोकांच्या फरश्या पुसणार व्हय?" असं तो पोरीला तोंडावर बोलला होता. अन् तरी, लेकीला परक्याच्या गाडीतनं धाडणार नाही, मीच नेणार, म्हणून हटून बसला. असला हा माणूस! मला त्याचा रागही यायचा अन् कीवही.

गाडी त्याच्या बापानं घेतलेली, अमेरिकन. आता तिच्यात अमेरिकेचं पत्र्याशिवाय काय उरलं होतं? पंप रशियन गाडीचा, अन् कार्बोरेटरमधला तरंगणारा गोळा एलादियोनं बाटलीच्या बुचातनं कोरलेला.

थोड्या वेळानं गाडी चालू झाली. एलादियो खुशीत आला. "बगितलंस? पंप तापला हुता. पेट्रोलची वाफ झाल्यावर पंप वढणार काय, कप्पाळ?"

पण पुढच्या चढावर गाडीनं आचके दिले अन् पुन्हा मेली.

त्यानं कार्बोरेटरला जाणारी नळी काढली, मला स्टार्टर दाबायला लावला. नळीतनं थेंब आला नाही. "ठिणगी हाय, पेट्रोल न्हाई. घोडं हितंच कुठंतरी पेंड खातंय." फिल्टर फुंकला, तो साफ. पंप खोलला, त्यातला पडदा धड. सगळं जोडेपर्यंत सावल्या सरकल्या. मग किल्ली फिरवली तर बया लगेच चालू! अन् पुढं जाऊन पुन्हा तेच.

युदेल्किस खाली उतरली. रडत नव्हती, तेच मला वाईट वाटलं.

"पापा, तीन गावच्या गाड्या तुमी दुरुस्त करता. आपलीच कशी कळंना तुमाला?"

"बघतोय न्हवं, पोरी! हात का बांधून बसलोय?"

"आजच बरी बंद पडली."

"म्हंजे काय म्हणायचंय तुला?"

"ए पोरी, गप बस," मी म्हणाले. "बापाचे हात बघ, कसे सोलपटलेत."

एलादियोनं पुढून नळीत तोंडानं फुंकायचं ठरवलं. टाकीकडनं नळी तुंबली असेल तर बुडबुडे येणार नाहीत. ते ऐकायला टाकी उघडायला हवी होती. त्यानं गळ्यातली किल्ली काढून झाकणाचं कुलूप उघडलं अन् झाकण फिरवलं.

फुस्स! टाकीनं असा दम आत ओढला की आम्ही तिघंही दचकलो.

एलादियोनं झाकण उलटं करून बघितलं. झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबचं रबर कापून, डिंक लावून गच्च बसवलेलं. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते त्यानं बुजवलं होतं. आत हवाच जाईना, मग पेट्रोल बाहेर कसं येणार? गाडी उभी राहिली की कुठनं तरी चिमूटभर हवा शिरायची, तेवढ्यावर ती चालायची.

"वाफ उडून जात हुती गं त्या भोकातनं," तो म्हणाला. "थेंब थेंब जमवलेलं पेट्रोल. तुला पोचवायला पुरावं म्हणून म्या..."

युदेल्किसनं झाकण हातात घेतलं, नखानं रबर उचकटलं. रबर नुकतंच बसवलेलं, कुलूप बापाचं, किल्ली बापाच्या गळ्यात.

"तुमीच केलंत," ती हळू म्हणाली.

"केलं मीच, पण तसं न्हाई! आईची आण! ध्यानातच न्हाई आलं माझ्या."

"तीन गावच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या?"

मी म्हणाले, "युदेल्किस, ह्यानं महिनाभर गाडी हलवली न्हाई, विटांवर ठेवली हुती, तुज्यासाठी पेट्रोल राखायला." ती माझ्याकडं बघेचना.

तेवढ्यात मागून संत्र्यांचा ट्रक आला. तिनं रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. ट्रक थांबला.

"बस गं पोरी गाडीत," एलादियो गयावया करत होता. "झाकण टाकून देतो. आता न्हाई थांबायची. सोडतो तुला."

"अन् पुढं कुठं बंद पाडणार?"

तिनं पिशवी ट्रकमध्ये फेकली. मला मिठी मारली, घट्ट. बापाला नाही. तो तेलकट हात पँटला पुसत उभा राहिला, हात स्वच्छ करून जवळ घ्यावं म्हणून. तोवर ट्रक निघाला. मी मागं धावले, ओरडले, "त्यानं मुद्दाम न्हाई केलं गं!" ट्रकच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

एलादियोनं टाकीच्या तोंडाला माझा रुमाल सैलसा कोंबला अन् किल्ली फिरवली. गाडी एका दमात चालू.

"चल की मागं!" मी म्हणाले. "गाठू त्यांना!"

"नगं. मागं गाडी दिसली तर पोरीला वाटंल, अडवायलाच आलो."

त्यानं गाडी गावाकडं वळवली. विमान तिला मिळालं, हे दोन दिवसांनी कळलं. पण त्या वाटेवर आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, तेही तो पुसत नव्हता. मघा गाडी जिथं जिथं बंद पडली होती, त्या जागा आल्या अन् गेल्या. गाव दिसायला लागल्यावर त्यानं इंजिनाच्या आवाजाकडं कान दिला.

"ऐक सेनाइदा," तो म्हणाला. "कशी झ्याक चालतीय."